जमिनीच्या पोटात कर्बवायूची साठवण

धान्याचे पेव पुष्कळ दिवसांनी उघडले म्हणजे अनुभवी शेतकरी त्यात लगेच माणूस उतरवीत नाही. तोंड काही वेळ उघडे ठेवावयाचे, मग दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडावयाचा आणि तो विझला तर खाली उतरावयाचे नाही, ही रीत खेड्यापाड्यांतून फार जुनी आहे. दिवा विझविणारा जो वायू पेवाच्या तळाशी साचतो, त्यात कार्बन डायऑक्साइडचा म्हणजेच कर्बवायूचा अंश मोठा असतो. साठविलेले धान्यही श्वासोच्छ्वास करते. ते प्राणवायू घेते व कर्बवायू सोडते. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने खोलगट जागी साचून राहतो. त्याला रंग नाही व वासही नाही.

हाच कर्बवायू आज साऱ्या जगाच्या चिंतेचा विषय झाला आहे. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनामुळे आणि जंगलतोडीमुळे हे प्रमाण वाढत जाऊन २०२४ साली ४२० भागांच्या वर गेले. सूर्यापासून मिळालेली उष्णता हा वायू पृथ्वीजवळ रोखून धरतो व त्यामुळे तपमान वाढते. यावरील मुख्य उपाय म्हणजे कोळसा व तेल कमी जाळणे हा होय. त्याच्या जोडीला आणखी एक उपाय योजला जात आहे. कारखान्यातून बाहेर पडणारा कर्बवायू हवेत मिसळण्यापूर्वीच पकडावा, जमल्यास उपयोगात आणावा आणि उरलेला जमिनीत खोलवर कायमचा साठवावा, असे त्याचे स्वरूप आहे.

हा विषय केवळ मोठ्या कारखानदारांचा आहे असे वरवर पाहता वाटेल; परंतु वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत या धंद्याचा मोठा विस्तार मक्याच्या पट्ट्यात झाला आहे. तेथे वायू निघतो तो शेतकऱ्यांच्या मक्यापासून, त्याचे नळ जातात ते शेतांतून आणि तो साठतो तोही शेतांच्याच खाली. महाराष्ट्रात उसापासून इथेनॉल तयार करणाऱ्या आसवन्या जागोजागी आहेत. त्यामुळे मक्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना जे अनुभव आले, ते येथील शेतकऱ्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

वायू पकडणे

कर्बवायू पकडण्याचा खर्च मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असतो. तो इतर वायूंत किती मिसळलेला आहे, हे प्रथम पाहावे लागते. भुईमुगाच्या स्वच्छ दाण्यांची रास पोत्यात भरणे सोपे असते. तेच दाणे मातीत विखुरले असतील तर वेचण्यातच मजुरी जाते. कर्बवायूचेही तसेच आहे. साध्या हवेत तो शेकडा ०.०४ इतकाच असतो. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात तो शेकडा १२ ते १५ असतो. मात्र मका किंवा उसाचा रस आंबवून इथेनॉल करताना आंबवण्याच्या टाकीतून जो वायू वर येतो, तो ओलावा वगळता जवळजवळ शुद्ध कर्बवायूच असतो.

टाकीतील क्रिया साधी आहे. यीस्ट हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचे इथेनॉल व कर्बवायू यांत रूपांतर करतात. वजनाने पाहता १८० भाग साखरेपासून ९२ भाग इथेनॉल व ८८ भाग कर्बवायू मिळतो. म्हणजे प्रत्येक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायू तयार होतो. दररोज ६०,००० लिटर इथेनॉल काढणाऱ्या आसवनीत दररोज सुमारे ४५ टन कर्बवायू निर्माण होतो, असा हिशेब निघतो. मक्याच्या बाबतीत अमेरिकन शेतकरी ढोबळ मानाने असे सांगतात की, गिरणीत गेलेल्या धान्याचा एक तृतीयांश इंधन होतो, एक तृतीयांश जनावरांचे खाद्य होते आणि एक तृतीयांश वायू होऊन जातो.

धुरातून कर्बवायू वेगळा करण्याची पद्धत मात्र खर्चिक आहे. धूर एका उंच मनोऱ्यातून वर सोडतात व वरून अमाइन नावाच्या रसायनाचे द्रावण शिंपडतात. साधारण ४० अंश सेल्सियस तपमानास हे द्रावण कर्बवायू शोषून घेते. नंतर ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन वाफेने सुमारे १२० अंशांपर्यंत तापवितात. त्या वेळी शोषलेला वायू सुटा होतो आणि द्रावण पुन्हा वापरता येते. या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १९३० साली आर. आर. बॉटम्स यांना मिळाले होते. तेव्हा तिच्यात नवल असे काही नाही. अडचण आहे ती वाफेची. कोळशाच्या वीजकेंद्रात ही यंत्रणा बसविली तर केंद्राने निर्माण केलेल्या विजेपैकी पाचवा ते चौथा हिस्सा या कामीच खर्ची पडू शकतो. कॅनडातील सास्काचेवान प्रांतात बाउंडरी डॅम येथील वीजकेंद्राच्या एका संचावर अशी मोठी यंत्रणा २०१४ साली सुरू झाली.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ साली केलेल्या विवेचनाप्रमाणे, ज्या ठिकाणी वायू मुळातच शुद्ध मिळतो तेथे तो पकडण्यास टनामागे १५ ते २५ डॉलर खर्च येतो. सिमेंटचे कारखाने व वीजकेंद्रे यांच्या बाबतीत तो ४० ते १२० डॉलरपर्यंत जातो. इथेनॉलचे कारखाने या धंद्यात अग्रभागी का आले, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

दाबणे व वाहून नेणे

पकडलेला वायू प्रथम कोरडा करावा लागतो. ओल्या कर्बवायूपासून सौम्य आम्ल तयार होते व ते पोलादी नळांना खाते. त्यानंतर वायूवर मोठा दाब देतात. हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाब व ३१ अंश सेल्सियस तपमान ही मर्यादा ओलांडली म्हणजे हा वायू द्रवासारखा दाट होतो. त्यामुळे जमिनीवर पाचशे घनमीटरांहून अधिक जागा व्यापणारा एक टन वायू खोल खडकात दीड-दोन घनमीटरांत मावतो. साठवणीसाठी ८०० मीटरांपेक्षा खोल थर निवडतात, याचेही कारण हेच. तेथील दाब वायूला आपोआप दाट ठेवतो.

साठवणीची जागा कारखान्याच्या आवारातच असेल तर वाहतुकीचा प्रश्न उरत नाही. ती दूर असेल तर नळ टाकावे लागतात आणि तेथेच शेतकऱ्याचा या व्यवहाराशी प्रथम संबंध येतो. अशा नळांपासून कोणता धोका संभवतो, हे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील सटार्शिया या गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी दिसून आले. अतिवृष्टीमुळे उताराची जमीन सरकली, तिच्यातून जाणारा कर्बवायूचा नळ फुटला आणि जड वायू सखल भागात पसरत गावापर्यंत पोचला. सुमारे २०० लोकांना घरे सोडावी लागली व ४५ जणांना दवाखान्यात न्यावे लागले. प्राणवायूच्या अभावी मोटारींची इंजिने बंद पडली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पेवातला दिवा ज्या कारणाने विझतो, त्याच कारणाने ही इंजिने थांबली. जमीन कोठे खचते, पाणी कोणत्या वाटेने वाहते व सखल वस्ती कोठे आहे, याची माहिती गावकऱ्यांना असते. नळाचा मार्ग ठरविताना ती विचारात घेतली गेली पाहिजे.

वायूचा उपयोग

कर्बवायूचा उपयोग होतो असे ऐकले की तो हवेतून कायमचा गेला, अशी समजूत होते. ती बरोबर नाही. उपयोग आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व हा भेद शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या वस्तूवरून, म्हणजे युरियावरून, चांगला समजतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात दरसाल सुमारे २३ कोटी टन कर्बवायू वापरला जातो. त्यांपैकी सुमारे १३ कोटी टन एकट्या युरियाच्या निर्मितीत लागतो. युरियाच्या कारखान्यात अमोनिया व कर्बवायू यांचा संयोग घडवून आणतात. रायगड जिल्ह्यातील थळ येथील कारखान्यात जो युरिया तयार होतो, त्याचेही रसायनशास्त्र हेच. एक टन युरियात सुमारे ७३३ किलो कर्बवायू बांधला जातो. त्या हिशेबाने ४५ किलोच्या एका पोत्यात ३३ किलो कर्बवायू असतो. परंतु युरिया ओल्या जमिनीत पडला की युरिएज नावाच्या विकरामुळे थोड्याच दिवसांत त्याचे विघटन होते. नत्राचा अंश पिकाच्या उपयोगी पडतो आणि कर्बवायू पुन्हा मोकळा होतो. कारखान्यात पकडलेला वायू येथे पोत्यातून शेतापर्यंत प्रवास करून हवेतच परत जातो. युरियाची उपयुक्तता यामुळे कमी होत नाही. मात्र त्यास कर्बवायूची साठवण म्हणता येत नाही. सोड्याच्या बाटलीतील वायूचीही हीच स्थिती आहे.

दुसरा मोठा उपयोग खनिज तेलाच्या विहिरींत होतो. जुन्या विहिरीतील चिकट तेल सैल करून वर आणण्यासाठी कर्बवायू आत दाबतात. यात बराच वायू खाली राहतो, परंतु वर आलेले तेल जळते व त्यापासून नवा कर्बवायू निघतो. शिवाय हा व्यवहार तेलाच्या भावावर अवलंबून असतो. टेक्सास राज्यातील पेट्रा नोव्हा प्रकल्पात २०१७ पासून कोळशाच्या वीजकेंद्रातील वायू पकडून तेलक्षेत्रास पुरविला जात होता. २०२० साली तेलाचे भाव कोसळताच ही यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि ती २०२३ साली पुन्हा सुरू झाली. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते, त्या मालाच्या बाजारात असे घडावयाचेच.

काँक्रीटमध्ये किंवा खनिजांत कर्बवायू मुरविला तर तो दीर्घकाळ टिकतो, कारण त्याचा दगडच होतो. तेव्हा कोणत्याही उपयोगाबाबत विचारावयाचा प्रश्न एकच आहे : हा वायू किती काळ बांधलेला राहणार? काही दिवस, काही वर्षे की हजारो वर्षे?

खडकातील साठवण

जमिनीत वायू साठवितात म्हणजे एखादी मोठी गुहा भरतात असे नाही. पाणी मुरणाऱ्या वालुकाश्मात कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. खूप खोलीवर या पोकळ्यांत समुद्रापेक्षाही खारट पाणी भरलेले असते. ते पिण्यास किंवा ओलितास निरुपयोगी असते. अशा थरात विहीर खोदून दाबलेला कर्बवायू सोडतात. मात्र त्या थराच्या वर शेलसारख्या घट्ट, न पाझरणाऱ्या खडकाचे झाकण असणे अत्यावश्यक असते. वायू पाण्यापेक्षा हलका असल्याने वर चढू पाहतो व झाकणाखाली अडतो. काळाच्या ओघात त्याचा काही भाग पोकळ्यांत अडकून बसतो, काही खाऱ्या पाण्यात विरघळतो आणि काहीचे शेवटी खनिज बनते. सुरुवातीस सर्व भार झाकणावर असतो. पुढे तो हळूहळू हलका होत जातो.

नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून अशा रीतीने साठवण सुरू झाली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यातील वायू २०११ ते २०१४ या तीन वर्षांत सुमारे ७,००० फूट खोल माउंट सायमन वालुकाश्मात सोडण्यात आला. एकूण साठा सुमारे १० लाख टनांचा झाला. त्याच ठिकाणी २०१७ पासून दुसऱ्या विहिरीतून साठवण सुरू झाली.

डिकेटरच्या अनुभवाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथील एका खोल निरीक्षण-विहिरीचे पोलाद गंजले आणि परवानगी नसलेल्या थरात द्रव शिरल्याचे २०२४ मध्ये उघडकीस आले. पिण्याच्या पाण्यास बाधा पोचल्याचे आढळले नाही, तथापि वायू सोडण्याचे काम काही काळ थांबविण्यात आले. झाकणाच्या खडकाने दगा दिला नव्हता. माणसाने त्यात पाडलेल्या छिद्रातून वाट निघाली. या गोष्टीनंतर इलिनॉय राज्याने २०२५ साली कायदा करून, लक्षावधी लोकांना पाणी पुरविणाऱ्या माहोमेट भूजलसाठ्याच्या क्षेत्रात कर्बवायू साठविण्यास मनाई केली. जेथे पाण्याचा दुसरा आधार नाही, तेथे अल्प धोकाही पत्करावयाचा नाही, असा निर्णय त्या राज्याने घेतला.

पैसा कोण देतो?

जमिनीखाली गाडलेल्या वायूला बाजारात भाव नाही. धान्य साठविले तर पुढे विकता येते. हा साठा विकावयाचा नसतो. म्हणून या कामासाठी कोणीतरी बाहेरून पैसा द्यावा लागतो आणि तो दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग कराचा. नॉर्वेने १९९१ साली कर्बवायू सोडण्यावर कर बसविला. तो भरण्यापेक्षा वायू साठविणे स्वस्त पडले व त्यातून स्लाइपनरचे काम उभे राहिले. दुसरा मार्ग सवलतीचा. अमेरिकेत साठविलेल्या प्रत्येक टनामागे आयकरात सूट मिळते. ही सूट २००८ साली सुरू झाली, २०१८ साली वाढविण्यात आली आणि २०२२ च्या कायद्याने ठराविक अटी पाळणाऱ्या कारखान्यांसाठी खोल साठवणीस टनामागे ८५ डॉलरपर्यंत नेण्यात आली. ती बारा वर्षे मिळते. वायू तेलासाठी किंवा इतर उपयोगासाठी दिल्यास सूट कमी होती. २०२५ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांपुरता हा फरक काढून टाकला.

या हिशेबाचे चांगले उदाहरण उत्तर डाकोटा राज्यातील रिचर्डटन या लहान गावी पाहावयास मिळते. तेथील रेड ट्रेल एनर्जी हा इथेनॉलचा कारखाना त्या भागातील शेतकरी व रहिवासी यांच्या भागभांडवलातून उभा राहिला होता. त्याची क्षमता वर्षाला सुमारे २४ कोटी लिटर इथेनॉलची. २०२२ सालापासून या कारखान्याने आपल्या टाक्यांतील कर्बवायू आवाराजवळच सहा हजार फुटांहून अधिक खोल असलेल्या ब्रूम क्रीक या थरात सोडण्यास आरंभ केला. वायू शुद्ध असल्याने पकडण्याचा खर्च कमी आणि विहीर जवळ असल्याने लांब नळाची गरज नाही, असा दुहेरी लाभ त्यास मिळाला. साठवणीचे प्रमाण वर्षाला सुमारे १,८०,००० टन. पूर्ण ८५ डॉलरचा दर धरल्यास ही सूट वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर होते. त्यातून यंत्रे, वीज, निरीक्षण व कर्जाचे व्याज हे सर्व भागवावे लागते. याशिवाय कमी कर्बाचे इंधन म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत इथेनॉलला जादा भाव मिळू शकतो.

२०२५ च्या आरंभी हा कारखाना साठवणीच्या विहिरीसह दुसऱ्या कंपनीस विकला गेला. कारखान्याचा मालक बदलू शकतो, भाव बदलतात, कायदेही बदलतात. परंतु खडकात गेलेला वायू तेथेच राहतो. त्याची जबाबदारी प्रत्येक नव्या मालकावर बंधनकारक असली पाहिजे. उत्तर डाकोटाच्या कायद्याप्रमाणे वायू सोडणे थांबल्यानंतर किमान दहा वर्षे जबाबदारी प्रकल्पचालकावर राहते. साठा स्थिर झाल्याची खात्री पटल्यावरच ती राज्य सरकार स्वीकारू शकते. त्यासाठी दर टनामागे शुल्क घेऊन निधी साठविला जातो. संघराज्याच्या सामान्य नियमात हीच देखरेखीची मुदत पन्नास वर्षांची धरली आहे.

वरच्या शेतकऱ्याचा हक्क

खडकातील पोकळी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न पूर्वी कोणी विचारीत नसे. उत्तर डाकोटाच्या कायद्याने ती वरच्या जमिनीच्या मालकाची मानली. तेव्हा साठवणीसाठी त्याची संमती व मोबदला ही दोन्ही आवश्यक ठरली. मात्र शेकडा ६० क्षेत्राच्या मालकांनी संमती दिली की उरलेल्यांची पोकळीही योग्य मोबदला देऊन प्रकल्पात घेता येते. जे शेतकरी आरंभी एकत्र बसून अटी ठरवितात, त्यांच्या शब्दाला म्हणूनच वजन राहते. साठाचा आकडा पुरा झाल्यावर आलेल्यास फारसे बोलावयास उरत नाही.

नळांच्या बाबतीत संघर्ष अधिक तीव्र झाला. मक्याच्या पट्ट्यातील पाच राज्यांतील पन्नासांहून अधिक इथेनॉल कारखाने जोडून त्यांचा वायू उत्तर डाकोटात नेण्याची एक प्रचंड योजना २०२१ साली पुढे आली. कारखाना तगला तर मक्याला भाव राहील म्हणून काही शेतकऱ्यांनी तिला पाठिंबा दिला. शेतातील निचऱ्याचे नळ तुटतील, माती दबली जाईल आणि नकार दिला तरी जमीन सक्तीने घेतली जाईल, या भीतीने दुसऱ्यांनी विरोध केला. एकाच गावात, एकाच घरातही दोन मते झाली. दक्षिण डाकोटाच्या मतदारांनी २०२४ मध्ये नळांना अनुकूल असा एक कायदा मतदानाने फेटाळला आणि मार्च २०२५ मध्ये त्या राज्याने कर्बवायूच्या नळांसाठी सक्तीने जमीन घेण्यास मनाई करणारा कायदा केला. रिचर्डटनचे काम निर्विघ्न पार पडले व ही योजना अडली. दोहोंचे तंत्र एकच होते. पहिल्या ठिकाणी कारखाना, विहीर व भागधारक परस्परांच्या शेजारी होते. दुसऱ्या ठिकाणी ज्याच्या शेतातून नळ जावयाचा, त्याचा विचार शेवटी घेण्यात आला अशी पुष्कळांची भावना झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील आसवन्यांच्या टाक्यांतून निघणारा वायू अमेरिकेतील वायूइतकाच शुद्ध असतो. तो स्वच्छ करून शीतपेयांसाठी किंवा कोरड्या बर्फासाठी विकता येतो. हा उपयोग लाभदायक आहे, पण वर सांगितल्याप्रमाणे तो साठवण नव्हे. साठवणीच्या बाबतीत येथील भूरचना वेगळी आहे. राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापला असून या खडकाचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आइसलँडमध्ये २०१२ साली कर्बवायू पाण्यात विरघळवून अशाच प्रकारच्या खडकात सोडला असता, दोन वर्षांच्या आत त्याच्या शेकडा ९५ हून अधिक भागाचे खनिज बनल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्या पद्धतीस एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. दुष्काळी तालुक्यांत हा आकडा प्रथम पाहावा लागेल. शिवाय दख्खनच्या पाषाणातील भेगा हाच विहिरींच्या पाण्याचा आधार आहे. तेव्हा आइसलँडचा दाखला तपासणीवाचून येथे लागू करणे योग्य ठरणार नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये या विषयाचे राष्ट्रीय केंद्र २०२२ साली स्थापन झाले असून त्याच वर्षी नीती आयोगानेही या विषयावरील अहवाल प्रसिद्ध केला.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ऊर्जेच्या वापरातून जगात दरसाल ३,७०० कोटी टनांच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. पकडण्याच्या चालू यंत्रणांची क्षमता सुमारे ५ कोटी टनांची आहे. सिमेंटसारख्या ज्या उद्योगांत चुनखडी भाजतानाच कर्बवायू निघतो, तेथे या तंत्राची विशेष गरज आहे. कोळसा जाळणे तसेच चालू ठेवण्यास ते निमित्त होऊ नये.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कर्बाच्या नावाने करार घेऊन येणाऱ्या संस्थांशी शेतकऱ्यांचा संबंध आता वाढत आहे. कोठे झाडे लावण्याचा करार असतो, कोठे जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढविण्याचा, तर कोठे पिकांच्या अवशेषांपासून कोळसा करून मातीत घालण्याचा. तंत्र वेगळे असले तरी विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत :

१. कर्ब नेमका कोठे राहणार व किती काळ? तो पुन्हा हवेत जाण्याचा संभव कितपत आहे?

२. त्याचे मोजमाप कोण करणार, कोणत्या पद्धतीने व कोणाच्या खर्चाने?

३. टनामागे एकूण किती रक्कम मिळते आणि तिच्यापैकी शेतकऱ्याच्या हाती किती पडते? भाव उतरल्यास करारातील रक्कम बदलणार काय?

४. करार किती वर्षांचा आहे? जमीन विकली, वाटणी झाली किंवा कूळ बदलले तर तो कोणावर बंधनकारक राहील?

५. संस्था विकली गेली अथवा बुडाली तर जबाबदारी कोणाकडे जाईल?

६. विहिरीचे पाणी, निचरा व पिके यांचे नुकसान झाल्यास भरपाई कोण व किती दिवसांत देणार?

७. आपत्ती आल्यास गावाला सूचना कशी मिळणार? वाऱ्याची दिशा व उंच जागा गावकऱ्यांना दाखविल्या आहेत काय?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता करारपत्रात मराठीत लिहून घ्यावीत. करारपत्राची प्रत ताबडतोब मागून घ्यावी व सही करण्यापूर्वी ती जाणकाराकडून वाचून घ्यावी. शक्य तेथे शेजारच्या सर्व खातेदारांनी एकत्र बसून अटी ठरवाव्यात. रिचर्डटनसारख्या ठिकाणी जे लाभ झाले, ते कारखान्याचा हिशेब गावाच्या हिशेबाशी आरंभापासून जुळल्यामुळे झाले. असा हिशेब जेथे मांडता येत नसेल, तेथे सही करण्याची घाई शेतकऱ्यांनी करू नये.